जर्मन बास ट्रॉम्बोन कसं पारखावं: नव्याने वाजवायला लागलेल्यांसाठी

जर्मनीत नोकरीला आलो तेव्हा ट्रॉम्बोन मला माहीत होतं ते वरातीतलं. लाल कोटातला घामाघूम बँडवाला, पुढे-मागे सरकणारी ती लांब नळी, आणि आम्ही पोरं तिच्या टोकापासून चार हात लांब. इथे आल्यावर गावातल्या प्रोटेस्टंट चर्चच्या पोझाउनेनकोरमध्ये गेलो. पोझाउनं म्हणजे ट्रॉम्बोन. नाव ट्रॉम्बोनचं असलं तरी या वृंदात ट्रम्पेट, हॉर्न, ट्यूबा असं सगळं पितळी कुटुंब असतं. देशभर असे हजारो वृंद आहेत, आणि नवख्याला वाद्य उसनं द्यायची, शिकवायची त्यांची जुनी रीत आहे. माझ्या वाट्याला बास ट्रॉम्बोन आलं, कारण खालचा सूर धरायला कोणी नव्हतं. आज नऊ वर्षं तोच सूर धरतोय.

या काळात स्वतःसाठी दोनदा आणि इतरांबरोबर कितीतरी वेळा वाद्य निवडायला गेलो. बहुतेक नवखे एकच चूक करतात: वाद्य हातात घेतलं की जोरात एक सूर फुंकतात आणि आवाज भरदार आला की खूश होतात. जर्मन बास ट्रॉम्बोन असं कळत नाही. त्याला एकच आवाज नसतो. हळू फुंकलं तर तो मखमली आणि गडद असतो, फुंक वाढवत नेली की त्याला धार चढते, आणि पूर्ण जोरात तो तांबूस झळाळी घेऊन फुटतो. हा बदल कुठे सुरू होतो, किती सहज होतो आणि तुमच्या हातात राहतो का, हेच पारखायचं असतं. बाकी सगळ्या पायऱ्या तिथपर्यंत पोचण्यासाठी आहेत.

आधी वाद्याची ओळख

टेनर आणि बास ट्रॉम्बोन मूळ लांबीला सारखीच असतात. दोन्ही बी फ्लॅटची, साधारण पावणेतीन मीटर नळीची. फरक जाडीचा. बासची नळी रुंद, पुढचा उघडा भाग म्हणजे बेल मोठी, आणि डाव्या हाताखाली एक किंवा दोन व्हॉल्व्ह.

हे व्हॉल्व्ह आले लाइप्त्सिगमधून. तिथले वाद्यकार क्रिस्टियान फ्रीडरिश साट्लर यांनी १८३९ च्या सुमारास ट्रॉम्बोनला एक व्हॉल्व्ह लावला. अंगठ्याने तो दाबला की जास्तीची नळी जोडली जाते आणि वाद्य बी फ्लॅट धरून मोजलेल्या खालच्या चौथ्या सुरावर, म्हणजे एफवर जातं. म्हणून जर्मनमध्ये त्याला क्वार्टव्हेंटील म्हणतात. त्यामुळे खर्जातले कितीतरी सूर हाती आले. एक अडचण मात्र उरली. नळी लांब झाली की स्लाइडवरच्या, म्हणजे सरकत्या नळीवरच्या, जागांमधलं अंतरही वाढतं, आणि एरवीच्या सात जागांऐवजी सहाच मावतात. मग खालच्या सीपर्यंत पोचता येतं, पण त्याच्या खालचा बी हुकतो. जुने वादक तो सूर काढायला व्हॉल्व्हची नळी बाहेर ओढून ठेवत. आजच्या बास ट्रॉम्बोनला दुसरा व्हॉल्व्ह असतो तो मुख्यतः याच एका सुरासाठी.

इथे नवख्याला हमखास फसवणारी गोष्ट सांगतो. जर्मन कारागिराच्या यादीत 'बे' लिहिलेलं असतं ते आपलं बी फ्लॅट. आपल्या बीला ते 'हा' म्हणतात. जी फ्लॅटला 'गेस', ई फ्लॅटला 'एस'. म्हणजे 'बे, एफ, गेस, दे' असं वाचलंत तर समजा: मूळ वाद्य बी फ्लॅटचं, पहिला व्हॉल्व्ह एफचा, दुसरा जी फ्लॅटचा, आणि दोन्ही एकदम दाबले की डी. माझे पहिले दोन महिने या 'हा'मध्येच गेले.

दोन व्हॉल्व्हची मांडणी दोन प्रकारची असते. एकात दोन्ही स्वतंत्र असतात, कुठलाही एकटा दाबता येतो. दुसऱ्यात दुसरा व्हॉल्व्ह पहिल्याच्या नळीवर बसवलेला असतो, म्हणून पहिला दाबल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. स्वतंत्र मांडणीत बोटांना पर्याय जास्त मिळतात. मात्र व्हॉल्व्ह न दाबताही फुंक दोन्हींतून जाते, आणि काहींना त्यामुळे वाद्य थोडं जड वाटतं. पोझाउनेनकोरमध्ये वाजवणार असाल तर दोन्ही चालतील. तिथे खालचा बी वर्षातून किती वेळा येतो ते बोटांवर मोजता येईल.

जर्मन घडण दिसते कशी

बेलच्या कडेला आतून किंवा बाहेरून एक रुंद पांढरट पट्टा दिसला तर त्याला क्रांत्स म्हणतात, म्हणजे हार. तो नॉयझिल्बरचा असतो. हा धातू आपल्या स्वयंपाकघराला नवा नाही, यालाच आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो. तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण, चांदीचा अंश नाही. जर्मन बेलचा पत्रा पातळ असतो. जोरात वाजवताना त्याची कड थरथरून आवाज फाटू नये म्हणून हा हार घालतात. वळणांवर कधीकधी सापाच्या आकाराची नक्षी असते, तीही त्याच धातूची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आमच्या देवघरातल्या शंकरावरचा नाग आठवला.

रंगावरून मिश्रधातू कळतो. पिवळं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि बाकी जस्त. तांबूस झाक असेल तर गोल्डमेसिंग, त्यात तांबं ८५ टक्क्यांच्या आसपास. पारंपरिक जर्मन बेल बहुतेक तांबूस असते. कारागीर सांगतात की तांबूस धातूने आवाज गोल होतो. हाताने ठोकून घडवलेली बेल जवळून पाहिली की उजेडात ठोक्यांच्या बारीक सावल्या दिसतात, पुण्याच्या तांबट आळीतल्या हंड्यावर दिसतात तशा, फक्त कितीतरी नाजूक.

धातूचा आवाजावर नेमका किती परिणाम होतो, यावर ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांत जुना वाद आहे. नळीच्या आतल्या आकाराचा परिणाम मात्र पक्का. जोरात फुंकलेली ध्वनिलहर लांब, सरळ नळीतून जाताना पुढच्या बाजूने उभी आणि टोकदार होत जाते, आणि आवाजात वरच्या स्वरांची भर पडते. नळी अरुंद असेल तर हे लवकर होतं, रुंद असेल तर उशिरा. अमेरिकन बास ट्रॉम्बोनची स्लाइड बहुधा सगळीकडे एकाच रुंदीची असते, साधारण १४.३ मिलिमीटर, आणि बेल २४० मिलिमीटरच्या आसपास. पारंपरिक जर्मन घडणीत स्लाइडची पहिली नळी थोडी बारीक, परतीची थोडी जाड, आणि बेल २५० मिलिमीटरच्या पुढे मोठी. सुरुवात बारीक, शेवट विशाल. वर सांगितलेला रंगबदल मला याच आकारातून आलेला वाटतो.

आपल्याकडचा शब्द वापरायचा तर जर्मन ट्रॉम्बोनला जोरात वाजवल्यावर जवारी येते. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवत गेलं की एका क्षणी सूर उघडतो, तसंच काहीसं. अमेरिकन वाद्य सगळ्या पट्टीत आपला रंग जास्त सांभाळून ठेवतं. त्यात चांगलं-वाईट काही नाही. पण तुम्हाला काय हवंय ते ठरवल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

पहिली पायरी: आधी कान तयार करा

निवडायला जाण्याआधी निदान महिनाभर ऐका. सुरुवात जर्मन संगीतकार शूमानच्या तिसऱ्या सिंफनीपासून करा. ती १८५० ची, ऱ्हाइन नदीच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या तीन भागांत ट्रॉम्बोन गप्प असतात. चौथ्या भागात तीन ट्रॉम्बोन एकदम, अगदी हळू, चर्चमधल्या प्रार्थनेसारखी चाल उचलतात. या तिघांत सर्वात खाली बास असतो. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीतही, जी १८७६ ची, ट्रॉम्बोनवाले शेवटच्या भागापर्यंत बसून राहतात आणि मग एक छोटी कोराल, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्रासारखी चाल, वाजवतात. इतका वेळ न वाजवता थंड पडलेल्या वाद्यावर पहिलाच सूर हळू आणि शुद्ध लावायचा असतो. जर्मन वाद्यांची खरी परीक्षा इथेच.

जोराचा रंग ऐकायला वाग्नरच्या संगीतनाटकांकडे वळा. लाइप्त्सिग आणि ड्रेस्डेनच्या वृंदांची ध्वनिमुद्रणं घ्या आणि शेजारी एखाद्या अमेरिकन वृंदाचं तेच काम लावा. दोन्ही पाठोपाठ, हेडफोनवर, एकच तुकडा दहा वेळा. दहाव्यांदा फरक आपोआप ऐकू येतो.

दुसरी पायरी: माउथपीस आपलाच न्या

ही पायरी लोक गाळतात आणि पस्तावतात. दर वाद्यावर वेगळा माउथपीस, म्हणजे ओठ टेकवायचा सुटा तुकडा, लावला तर तुम्ही वाद्यांची तुलना करत नाही, माउथपीसची करता. बास ट्रॉम्बोनच्या माउथपीसची आतली रुंदी साधारण २७ ते २९ मिलिमीटर असते. नवख्याला २७ पुरे. मोठा माउथपीस घेतला की खर्ज फुकट मिळतो असं वाटतं, पण ओठांत ताकद नसताना वरचा सूर खाली घसरतो आणि दम दुप्पट लागतो.

जुन्या जर्मन माउथपीसचा कप वाटीसारखा नसून नरसाळ्यासारखा असतो. त्याने आवाज मऊ होतो, पण सूर पकडायला जास्त कौशल्य लागतं. तसा एखादा कारागिराकडे असेल तर शेवटी, वाद्य जवळपास ठरल्यावर, लावून बघा.

आणखी एक तपासणी: माउथपीसची दांडी वाद्यात बसवा आणि हलकेच हलवा. डुगडुगली तर दोघांचं माप जुळत नाही. अशा जोडीवर वाद्याचा सूर चुकीचा वाटेल आणि तुम्ही दोष भलत्यालाच द्याल.

तिसरी पायरी: फुंकण्याआधी स्लाइड

मी पहिलं स्वतःचं वाद्य जुनं घेतलं, एका दुकानातून, आवाजावर भाळून. बेल अप्रतिम होती. घरी येऊन सराव सुरू केला तर चौथ्या जागेनंतर स्लाइड अडखळायची. दुरुस्ती करणाऱ्याने ती काचेच्या सपाट पट्टीवर ठेवली आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं. एका नळीखालून प्रकाशाची केसाएवढी रेघ दिसत होती. तेवढी वाकलेली. दुरुस्तीला गेलेल्या पैशांत मी दोन वर्षं शिकवणी लावली असती. तेव्हापासून माझा नियम असा की स्लाइड पास झाल्याशिवाय फुंकायचंच नाही.

बेल काढून बाजूला ठेवा. स्लाइड उभी धरा, खालचं टोक जमिनीपासून वीतभर वर, आणि बाहेरची स्लाइड बोटांच्या टोकांनी वर-खाली न्या. डोळे मिटा. घासल्याचा आवाज, खरखर, एका ठिकाणी किंचित जड लागणं, काहीही जाणवलं तर परत त्याच जागी जा. आतल्या नळ्यांच्या खालच्या टोकाला थोडा जाड भाग असतो, खरं घर्षण तिथेच होतं. तिथलं मुलामा चढवलेलं आवरण झिजून पितळ दिसत असेल तर वाद्य कितीही गोड वाजो, किंमत त्या हिशेबाने लावा.

मग हवा गळते का ते बघा. आतल्या दोन नळ्यांची वरची तोंडं बोटांनी घट्ट बंद करा आणि बाहेरची स्लाइड खाली सोडायचा प्रयत्न करा, दुसरा हात खाली तयार ठेवून. चांगल्या स्लाइडमध्ये ती क्षणभर लटकल्यासारखी राहते आणि मग हळू उतरते. सरळ घसरली तर हवा गळतेय.

बास ट्रॉम्बोनची स्लाइड रुंद आणि जड असते. मनगट ताठ ठेवून सातव्या जागेपर्यंत हात नेऊन बघा. उंची कमी असेल तर खांदा पुढे ढकलावा लागेल. ते चालतं, मान वळली तर नाही.

चौथी पायरी: डावा हात

दोन व्हॉल्व्ह असलेलं बास ट्रॉम्बोन दोन किलोंच्या वर जातं आणि ते सगळं वजन डाव्या हातावर येतं. शिवाय त्याच हाताच्या बोटांनी व्हॉल्व्ह दाबायचे. म्हणून वाद्य उचलून, काही न वाजवता, पाच मिनिटं नुसते उभे राहा. कारागिराला याचं नवल वाटत नाही. अंगठा एफ व्हॉल्व्हच्या पट्टीवर सहज पोचतो का, मधलं बोट दुसऱ्या पट्टीवर न ताणता पडतं का, तर्जनी माउथपीसच्या नळीला टेकते का? हे तीन प्रश्न विचारा. जुन्या काही वाद्यांत दोन्ही पट्ट्या अंगठ्याच्याच वाट्याला दिलेल्या असतात. माझा अंगठा आखूड, मला ते कधी जमलं नाही.

जर्मन वाद्यांना बहुधा फिरता व्हॉल्व्ह असतो. दाबला की आतला दंडगोल पाव वळसा फिरतो. तो दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि आवाज ऐका. हलका टप ठीक. धातूवर धातू आपटल्यासारखी खटखट येत असेल तर सांधे झिजलेत किंवा बूच गेलंय. हे स्वस्तात दुरुस्त होतं. व्हॉल्व्हमधून हवा गळणं स्वस्तात दुरुस्त होत नाही. त्यासाठी व्हॉल्व्ह न दाबता त्याची नळी थोडी बाहेर ओढा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग दाबा. आतून टप्प असा छोटा फुटल्यासारखा आवाज आला तर व्हॉल्व्ह घट्ट आहे.

पाचवी पायरी: आता हळू

पहिला सूर मधल्या पट्टीतला एफ. जेवढा हळू लावता येईल तेवढा. सूर निघायला किती फुंक लागते? ओठ थरथरायला लागले आणि आवाज निघाला यामध्ये किती वेळ गेला? चांगल्या जर्मन वाद्यात हा वेळ जवळजवळ जाणवत नाही. सूर जिभेने ढकलावा लागत नाही, तो उमलतो.

तोच सूर आठ मात्रा धरा. मग एक-एक सूर खाली, बी फ्लॅटपर्यंत. इथे एक वेगळी जाणीव येईल. अमेरिकन वाद्यात सूर खाचेत बसल्यासारखा बसतो, जर्मन वाद्यात खाच उथळ लागते. सूर थोडा वर, थोडा खाली हलवता येतो. नवख्याला यात असुरक्षित वाटतं आणि तो म्हणतो की वाद्य बेसूर आहे. तसं नाही. ते तुमच्याकडून सूर मागतं. हार्मोनियमवर गाणं शिकलेल्याला तंबोऱ्यावर गायला बसवलं की होतं तसंच. कान पक्का असेल तर याच उथळ खाचेमुळे कोरालमधले सूर एकमेकांत शुद्ध मिसळतात. कान अजून कच्चा असेल आणि वर्षभरात परीक्षा द्यायची असेल, तर थोडी आधुनिक घडण निवडा. बरेच जर्मन कारागीर आता अमेरिकन मापाच्या नळीवर जर्मन बेल बसवतात. नवख्यासाठी तो मधला मार्ग चांगला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सहावी पायरी: चढ

सगळ्या तपासणीचा गाभा हाच आहे. खालचा एफ घ्या, सोळा मात्रांत अगदी हळूपासून पूर्ण जोरापर्यंत न्या आणि तितक्याच सावकाश खाली आणा. मोबाइलवर मुद्रण करा. तीन गोष्टी ऐका.

रंग कुठे बदलतो? काही वाद्यांत धार मध्यावरच येते, मग हळूवार वाजवायला जागा उरत नाही. काहींत अगदी शेवटी येते, आणि नवख्याच्या दमात ते टोक गाठलंच जात नाही. माझ्या आवडीचं वाद्य तीन चतुर्थांशावर उघडतं.

बदल गुळगुळीत आहे की पायरीसारखा? एका क्षणी अचानक पितळ खणखणलं तर वृंदात प्रत्येक जण मान वळवून बघेल.

आणि परत येताना मखमल परत येते का? पुष्कळ वाद्यं चढताना सुंदर असतात आणि उतरताना कोरडी होतात. यात दोष कधी वाद्याचा, कधी तुमच्या पोटातला श्वास संपल्याचा असतो. म्हणून दर वाद्यावर किमान तीनदा करा, आणि मध्ये पाणी प्या.

सातवी पायरी: खर्ज

एफ व्हॉल्व्ह दाबून एफ, ई, ई फ्लॅट असं उतरत सीपर्यंत जा. मग दोन्ही व्हॉल्व्ह दाबून तो हुकणारा बी. इथे जागांची अंतरं एवढी वाढलेली असतात की डोळ्यांनी नव्हे, कानानेच शोधावं लागतं. व्हॉल्व्ह दाबून काढलेला एफ आणि स्लाइड सहाव्या जागी नेऊन काढलेला एफ आळीपाळीने वाजवा. पाठ फिरवून बसलेल्या मित्राला फरक ओळखता आला नाही, तर व्हॉल्व्ह उत्तम.

त्याखाली पेडल सूर. व्हॉल्व्ह न दाबता पहिल्या जागेवरचा सर्वात खालचा बी फ्लॅट. गवई पहाटे खर्ज भरतात त्याच वृत्तीने हा सूर लावायचा. ओठ सैल, घसा उघडा, घाई नाही. पातळ जर्मन बेलवर हा सूर लागला की डाव्या तळहाताला मुंग्या आल्यासारखं होतं, बेलचा पत्रा बोटांशी बोलतो. मी दुसरं वाद्य घेतलं ते या एका जाणिवेसाठी. खोलीतल्या खिडकीची काच बारीक वाजायला लागली होती आणि कारागीर कानस खाली ठेवून ऐकत उभा होता.

आठवी पायरी: लांबून ऐका

वाद्याच्या मागे उभ्या असलेल्याला जो आवाज येतो तो पुढे बसलेल्याला येत नाही. वाजवणाऱ्याला धार कमी ऐकू येते. कोणालातरी सोबत न्या, शक्य असेल तर चर्च किंवा मोठी खोली मागा, आणि वीस पावलांवर त्याला उभं करा. वाद्यांची नावं सांगू नका, एक, दोन, तीन म्हणा. मग जागा बदला आणि तुम्ही ऐका.

त्याहून चांगलं म्हणजे तीन जण गोळा करा. एखादी सोपी चार ओळींची कोराल घ्या आणि तुम्ही खालचा सूर धरा. बास ट्रॉम्बोन एकट्याने वाजवायला जन्मलेलंच नाही. वरच्या तिघांचे सूर तुमच्या सुरावर टेकले आणि त्यांना सूर लावणं सोपं गेलं, तर वाद्य बरोबर आहे. ते मान हलवून सांगतात, विचारावं लागत नाही.

कुठे जायचं

सॅक्सनीच्या टोकाला फोग्टलांट म्हणून डोंगराळ भाग आहे. तिथल्या मार्कनॉयकिर्शेन गावात व्हायोलिनकारांचा संघ १६७७ मध्ये स्थापन झाला आणि आजही गल्लोगल्ली वाद्यकार आहेत. युर्गेन फोग्ट यांची ट्रॉम्बोनं तिथलीच. एक दिवस काढून गावातलं वाद्यसंग्रहालयही बघा. बव्हेरियातल्या मार्क्ट एर्लबाखला क्यूनल उंड होयर आहेत. उत्तरेत ब्रेमेनमध्ये माक्स आणि हाइनरिश थाइन या भावांची कार्यशाळा १९७४ पासून आहे. लेट्श हे नावही ब्रेमेनशी जोडलेलं. एर्फुर्टच्या क्रुस्पेंचं नाव हॉर्नवाल्यांना जास्त माहीत, कारण दुहेरी हॉर्न १८९७ मध्ये त्यांच्याकडे घडलं, पण त्यांची जुनी ट्रॉम्बोनं अजून कुणाकुणाच्या हातात दिसतात.

जाण्याआधी वेळ ठरवून घ्या, न सांगता दारात उभं राहू नका. किती वर्षं वाजवता, कुठे वाजवता ते खरं सांगा. मी नवखा आहे म्हटल्यावर कुणी तोंड वाकडं केलेलं मला आठवत नाही, उलट चहा मिळालाय. वाद्य आठवडाभर घरी न्यायला मिळेल का, हे विचारायला संकोच करू नका. हातघडणीचं नवं वाद्य काही हजार युरोंना पडतं, आणि एवढ्या पैशांत ते पहिल्याच दिवशी ठरवायची सक्ती कुणी करत असेल तर उठून या.

जुनं घेत असाल तर माउथपीस बसतो त्या नळीवर तांबूस ठिपके आणि त्यांच्या मध्यभागी काळा बिंदू आहे का ते भिंगाने बघा. पितळातलं जस्त निघून जायला लागलं की असे ठिपके पडतात, आणि ते आतून बाहेर आलेले असतात.

वाद्य भारतात नेणार असाल

मुंबई, कोकण किंवा गोव्यात दमट आणि खारी हवा लाख न लावलेल्या पितळावर महिन्याभरात डाग पाडते. पारंपरिक जर्मन वाद्य बऱ्याचदा लाखेशिवायच मिळतं. घेतानाच विचारा, लाख लावून देतात. वाजवून झाल्यावर आतलं पाणी पूर्ण काढा, हात लागलेली प्रत्येक जागा सुती कापडाने पुसा, आणि फिरत्या व्हॉल्व्हला आठवड्यातून एकदा तेल द्या. पावसाळ्यात दोनदा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या ओल्या झाल्या की बदला.

जर्मन वृंद सूर थोडा चढा लावतात, ४४२ ते ४४३ हर्ट्झ. वाद्य त्या हिशेबाने घडलेलं असतं. भारतात ४४० ला लावलेल्या पियानोबरोबर वाजवायचं असेल तर सूर जुळवायची नळी किती बाहेर काढावी लागते ते कारागिरासमोरच बघून घ्या, आणि तिथे पेन्सिलीने एक बारीक खूण करा. विमानात वाद्य सामानात टाकणार असाल तर कडक पेटी हवी, स्लाइड वेगळ्या कप्प्यात, तिचं कुलूप लावलेलं, आणि बेलच्या आत एक जुना मऊ टॉवेल गुंडाळून भरलेला. मी आईची सुती साडी भरतो.